बँडचा किंवा कलाकाराचा लोगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोगो करून घेणारे बँड आणि लोगो काढणारे डिझायनर, दोघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लिहिणारा अक्षरांचं काम करतो, त्यामुळे अक्षरांकडे थोडा झुकलेला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

आम्हाला लोगो खरंच लागतो का?

पहिल्या काही कार्यक्रमांपुरता नाही. नाव ठरवा, ते सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, एकच फाँट वापरा. तेवढ्यावर बरेच दिवस निघतात. लोगोची गरज भासते ती तुम्ही इतरांच्या शेजारी उभे राहू लागता तेव्हा: दहा नावांच्या पोस्टरवर, टी-शर्टच्या स्टॉलवर, गाण्यांच्या अॅपमधल्या नखाएवढ्या चित्रात.

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं वीज असलेलं वर्तुळ आज चाहत्यांच्या गाड्यांवर आणि दंडांवर दिसतं, पण १९६९ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली ती सामानावरून. महोत्सवात सगळ्यांच्या पेट्या एकमेकींत मिसळायच्या. बँडचा आवाज सांभाळणाऱ्या आउस्ली स्टॅन्ली यांना लांबून ओळखू येईल अशी खूण हवी होती. अर्धं लाल, अर्धं निळं वर्तुळ आणि मधून पांढरी वीज. त्याचं स्टेन्सिल कापलं आणि पेट्यांवर रंग फवारला. कवटी त्यात नंतर आली, बॉब टॉमस यांच्या हातून. म्हणजे आधी काम भागलं, अर्थ मागाहून आला. बहुतेक चांगल्या लोगोंचं असंच होतं. प्रतीकं, प्रवास, तत्त्वज्ञान हे सगळं ऐकणारे स्वतःच त्याला चिकटवतात. तुम्ही त्यांना फक्त चिकटवायला जागा द्यायची असते.

नाव अजून पक्कं झालेलं नाही. तोवर लोगोचं काम सुरू करावं का?

नको. दोन नावांपैकी एक पाच अक्षरी आणि दुसरं तीन शब्दी असेल, तर ती दोन संपूर्ण वेगळी कामं आहेत.

नाव पक्कं करण्याआधी ते दुसऱ्या कुणाचं नाही ना, हे गाण्यांच्या अॅपवर, सोशल मीडियावर आणि ट्रेडमार्कच्या नोंदींत पाहून घ्या. शिकागो हा बँड पहिल्या अल्बमच्या वेळी शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी होता. त्या शहराची वाहतूक चालवणाऱ्या खऱ्याखुऱ्या संस्थेने कायद्याचा बडगा दाखवल्यावर नाव एका शब्दावर आलं. त्यांच्या बाबतीत ते भल्याचं झालं, कारण त्या एका शब्दाचं वळणदार अक्षरांकन पुढे कित्येक अल्बमच्या मुखपृष्ठांवर मुख्य चित्र म्हणूनच वापरलं गेलं. तुमच्या बाबतीत तसं होईलच असं नाही.

अक्षरांचा लोगो करावा की चिन्हाचा?

आधी अक्षरांचा. नव्या बँडचं नावच लोकांना ठाऊक नसतं. अशा वेळी नाव सोडून नुसता कावळा, डोळा किंवा त्रिकोण दाखवला, तर पाहणाऱ्याला सुंदर कावळा दिसतो आणि तो पुढे जातो.

रोलिंग स्टोन्स या बँडचा लोगो, म्हणजे उघड्या तोंडातून बाहेर आलेली जीभ, हे उदाहरण मला दर वेळी ऐकवलं जातं. ती जीभ आली तेव्हा बँडला जवळजवळ दहा वर्षं होत आली होती आणि जगभर त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांना नाव सांगायची गरजच उरलेली नव्हती. गायक प्रिन्सने तर १९९३ मध्ये आपलं नावच टाकून उच्चार नसलेलं चिन्ह घेतलं. ते कुठल्याच कीबोर्डवर नव्हतं, त्यामुळे त्याच्या रेकॉर्ड कंपनीला ते चिन्ह असलेला फाँट फ्लॉपी डिस्कवर घालून वर्तमानपत्रांना आणि मासिकांना पाठवावा लागला. प्रिन्ससाठी संपादकांनी तो फाँट बसवून घेतला. तुमच्या बातमीसाठी कुणी एवढे कष्ट घेणार नाही.

मधला रस्ता उत्तम: नाव लिहा आणि त्यातलाच एखादा तुकडा एकटा उभा राहील असा घडवा. वू-टँग क्लॅन या हिप-हॉप गटाचा डब्ल्यू असाच आहे. तो त्यांच्याच वर्तुळातल्या डीजे मॅथमॅटिक्सने काढला आणि आज तो नावाशिवायही चालतो. नावातलं पहिलं अक्षर, एखादं विचित्र जोडाक्षर, दोन अक्षरांमधली रिकामी जागा, यांत काही सापडतं का ते पाहा. सापडलं नाही तर ओढूनताणून काढू नका.

सर्वस्वी चिन्हावर उभा असलेला आणि तरीही सुरुवातीपासून चाललेला लोगो सांगायचा तर ब्लॅक फ्लॅग या बँडचा. चार काळे उभे पट्टे, वर-खाली सरकवलेले, म्हणजे फडकणारा झेंडा. गिटारवादक ग्रेग गिन यांचे भाऊ रेमंड पेटिबॉन यांनी तो काढला. तो चालला याचं कारण साधं आहे. हातात रंगाचा डबा असलेल्या कुणालाही तो काही सेकंदांत भिंतीवर उतरवता यायचा.

संगीताचा प्रकार लोगोत दिसलाच पाहिजे का?

दिसतोच, तुम्हाला हवा असो वा नसो. ऐकणाऱ्यांचे डोळे वर्षानुवर्षं पोस्टरं आणि मुखपृष्ठं पाहून तयार झालेले असतात. नाव वाचण्याआधीच त्यांनी मनात खाना ठरवलेला असतो. म्हणून विचार करायचा तो एवढाच, की त्या खान्यात बसायचं की मुद्दाम बाहेर राहायचं.

हेवी मेटलचा टोकदार, कोरीव अक्षरांचा रिवाज बऱ्याच अंशी एसी/डीसी या बँडच्या लोगोमुळे रुळला. जेरार्ड ह्युएर्टा यांनी १९७७ मध्ये तो काढला. ज्या अल्बमसाठी तो होता, त्याच्या शीर्षकाला धार्मिक रंग होता, म्हणून जुन्या छापील बायबलच्या अक्षरांकडे त्यांनी पाहिलं. पुढे ती धर्तीच सैतानी संगीताची खूण समजली जाऊ लागली. ह्या गमतीवर मी अजून हसतो.

दुसऱ्या टोकाला ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलचाच एक काळोखा, कर्कश प्रकार. तिथे लोगो वाचता येत नाही आणि येऊही नये अशी अपेक्षा असते. बेल्जियममध्ये जन्मलेले क्रिस्तोफ श्पाय्देल यांनी अशा हजारो बँडांची नावं मुळं, फांद्या आणि काटे यांच्या जाळ्यात गुंफली आहेत. एम्पररचा लोगो त्यांचाच. बाहेरच्याला ते फक्त झुडूप दिसतं, आतल्याला मात्र झुडपाच्या आकारावरून बँड ओळखू येतो. तेव्हा ‘लोगो वाचता आलाच पाहिजे’ हा नियम सगळ्यांना लागू नाही. पण तुम्ही लोकसंगीत किंवा पॉप करत असाल आणि लोगो वाचता येत नसेल, तर त्याला शैली म्हणू नका, अडचण म्हणा.

खान्याबाहेर राहायचं तर पुरतं बाहेर राहा. निम्मी अक्षरं काटेरी आणि निम्मी गोंडस, असं केलं की फक्त गोंधळ दिसतो.

गिटार, माइक, हेडफोन किंवा स्वरचिन्ह घालावं का?

नाही. तुम्ही संगीत करता हे लोकांना कळलेलं आहे. ते तुमचं गाणं ऐकत आहेत. या पानावर ज्या ज्या लोगोंची नावं आली आहेत, त्यांतल्या एकातही वाद्य नाही.

नाव मराठीत आहे. देवनागरी लोगो करताना काय सांभाळायचं?

पुष्कळ काही, कारण लोगोबद्दलचा बहुतेक सल्ला रोमन कॅपिटल अक्षरं गृहीत धरून दिलेला असतो. रोमन कॅपिटलमध्ये लिहिलेलं नाव आपोआप एका पट्टीत बसतं, वर-खाली सपाट. देवनागरीचे तीन मजले असतात: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. नाव त्याच चौकटीत बसवायला गेलं की मधलं अंग बारीक होतं आणि प्रोफाइलच्या छोट्या गोलात अक्षरंच दिसेनाशी होतात. वरचा मजला बुटका करा, वेलांट्या शिरोरेषेला टेकवून आडव्या ताणा, उकार अक्षराच्या पोटात घ्या. किंवा उलट करा: एकाच वेलांटीला मोकळं सोडा आणि ती संपूर्ण नावावरून फिरवा. बाकी सगळं शांत असेल तर तेवढी एक हालचाल पुरते.

शिरोरेषा ही आपली जमेची बाजू. रोमन लिपीत अक्षरं एकमेकांना बांधायला युक्त्या कराव्या लागतात, आपल्याकडे ती बांधलेलीच येतात. ती जाड करा, तिरकी करा, मध्येच तोडा, वाकवा. फक्त तिची गिटारची तार करू नका. तो मोह सगळ्यांना होतो आणि सगळ्यांच्या आधी तो कुणीतरी पुरा केलेला असतो. शिरोरेषा काढून टाकायची असेल तर भ आणि म, घ आणि ध, थ आणि य या जोड्या नीट तपासा. यांचा फरक बराचसा रेषेतल्या खंडावर आणि छोट्याशा गाठीवर टिकलेला असतो. ‘धून’ लिहून ‘घून’ वाचलं गेलं तर कार्यक्रमाच्या आधी खुलासा करत बसावं लागेल.

ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत. अनेक फाँटांत आधी हिंदी वळण येतं आणि मराठी वळण पर्यायांत दडलेलं असतं. नावात ही अक्षरं असतील तर डिझायनरला पहिल्या दिवशीच सांगा. मराठी वाचकाला हिंदी वळणाचा ल खटकतो. का खटकतो हे त्याला सांगता येईलच असं नाही.

तांत्रिक भानगड एकच, पण ती दर वेळी छळते. देवनागरीची सेटिंग चालू नसलेल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. तुमच्या पडद्यावर ठीक दिसलेलं नाव छापखान्यातल्या संगणकावर उघडल्यावर फुटतं. म्हणून लोगोतली अक्षरं कधीही फाँट म्हणून पाठवायची नाहीत. त्यांचे आकार करून, म्हणजे आउटलाइन करून पाठवायची.

देवनागरी आणि रोमन दोन्ही लोगो हवेत. ते जुळे कसे करायचे?

रेषेची जाडी, टोकांचा आकार आणि एकूण काळेपणा जुळवा, अक्षरांचे आकार नको. रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढून त्यांना देवनागरीसारखं दाखवण्याचा प्रकार फार जुना आणि शिळा आहे. दोन्हींतला एक लोगो मुख्य ठरवा. गाण्यांच्या अॅपवर एक आणि पोस्टरवर दुसरा असं अदलून बदलून वापरलं, तर दोन्ही अर्धेच लक्षात राहतात.

तयार फाँट वापरून लोगो केला तर चालतो का?

चालतो. निर्वाणा या बँडच्या पहिल्या अल्बमच्या वेळी नाव ज्या फाँटात जुळवलं गेलं, तो ऑनिक्स हा फाँट त्या वेळी टाइपसेटिंगच्या यंत्रावर बसवलेलाच होता. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. तरी तो लोगो टिकला. रन-डीएमसीचा लोगो म्हणजे फ्रँकलिन गॉथिकची ठळक अक्षरं दोन ओळींत, वर आणि खाली एकेक लाल पट्टी. तो १९८६ मध्ये स्टेफनी नॅश यांनी केला आणि त्याची इतकी विडंबनं झाली आहेत, की मूळ न पाहिलेल्यांनाही ती रचना ओळखीची वाटते. आबा (ABBA) या बँडचा लोगो न्यूज गॉथिक या फाँटमधला आहे. १९७६ मध्ये रूने सॉडरक्विस्ट यांनी त्यातला पहिला बी उलटा फिरवला आणि काम झालं.

या तिन्ही उदाहरणांत फाँट साधा आहे आणि त्याला एकच गोष्ट केलेली आहे, किंवा तीही नाही. उलट मुळातच नक्षीदार, रक्त ठिबकणारा किंवा ब्रशचा फाँट घेतला तर तो आणखी शंभर बँडांनी घेतलेला असतो.

परवाना वाचा. फुकट मिळणाऱ्या अनेक फाँटांवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट असते आणि विक्रीचा टी-शर्ट हा वैयक्तिक वापर नव्हे. ओपन फाँट लायसन्सखाली असलेले फाँट लोगोसाठी आणि छपाईसाठी बिनधास्त वापरता येतात. देवनागरीत मुक्त आणि बलू हे त्यांतलेच.

किती रंग घ्यावेत?

लोगो आधी एका रंगात, पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा असा उभा राहिला पाहिजे. तिथे तो कोसळत असेल तर रंग त्याला सावरू शकत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि प्रत्येक जाळीचा खर्च वाढतो. छटा एकमेकींत विरघळणारा लोगो म्हणजे दर छपाईला नवी कटकट.

काळ्या कपड्यावर पांढरा लोगो करताना रंग नुसते उलटे करून भागत नाही. गडद पार्श्वभूमीवर उजळ रेघ जाड भासते, म्हणून उलट्या प्रतीत रेषा जरा बारीक कराव्या लागतात. लोगोत चेहरा असेल तर ती प्रत नव्यानेच काढा, नाहीतर फोटोची निगेटिव्ह दिसते.

लोगो कुठे कुठे तपासून पाहावा?

जिथे तो खरंच लागणार आहे तिथे. डिझायनर बहुतेक वेळा कोऱ्या पानाच्या मधोमध, ऐसपैस जागेत लोगो दाखवतो. खऱ्या जगात ती जागा मिळत नाही.

अॅपमधला गोल ही पहिली परीक्षा. बहुतेक ठिकाणी प्रोफाइलचं चित्र गोलात कापलं जातं आणि फोनवर ते करंगळीच्या नखाएवढं उरतं. लांबलचक नाव तिथे बसत नाही, म्हणून दोन ओळींची किंवा एकाच अक्षराची प्रत हाताशी हवी.

महोत्सवाचं पोस्टर ही दुसरी. आयोजक सगळ्या बँडांना साधारण सारखी चौकट देतो. अति रुंद लोगो तिथे उंचीला चिमुकला होतो. राजमुद्रेसारखा उंच, तपशिलांनी भरलेला लोगो आणखी वाईट. क्वीन या बँडची मुद्रा त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीने काढली. तिच्यात चौघांच्या राशी आहेत, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, आणि वर फिनिक्स. अल्बमवर ती देखणी दिसते. पण वीस नावांच्या गर्दीत अंगठ्याएवढी छापली तर खेकडा शोधावा लागेल.

ड्रम ही तिसरी, आणि ती हटकून विसरली जाते. बास ड्रमचं पुढचं कातडं साधारण २२ इंचांचं असतं आणि स्टेजवर लोगोसाठी त्याहून मोक्याची जागा नाही. बीटल्सचा लांब टी असलेला लोगो त्यासाठीच जन्मला. १९६३ मध्ये लंडनमधले ड्रमविक्रेते आयव्हर आर्बिटर यांनी तो ड्रमसाठी रेखाटला आणि कातड्यावर तो ड्रम बनवणाऱ्या कंपनीच्या नावाखाली रंगवला गेला. आज मात्र या कातड्यात माइकसाठी चार-पाच इंचांचं भोक असतं आणि ते मधोमध नसून कडेला असतं. तुमच्या लोगोतलं महत्त्वाचं अक्षर नेमकं तिथे येत नाही ना, हे वादकाला विचारून घ्या.

भरतकाम, म्हणजे टोपी आणि बिल्ले. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा धाग्यात धड उतरत नाही आणि पाचेक मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांची पोटं बुजतात.

स्टेन्सिल आणि स्टेजच्या दिव्यात बसवायचा धातूचा गोबो या दोन्हींत अक्षर कापून काढलेलं असतं. ‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटातला भाग कशालाच जोडलेला नसल्यामुळे गळून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये छोटे पूल सोडावे लागतात. सामानाच्या पेट्यांवर नाव फवारायचं असेल तर पूल असलेली प्रत आधीच करून घ्या. कधी कधी ती मूळ लोगोपेक्षा झकास दिसते.

डिझायनरला काय सांगावं?

‘काहीतरी हटके’ हे सांगू नका, त्यातून काहीच कळत नाही. गाणी पाठवा, तयार नसतील तर कच्ची रेकॉर्डिंग. तुम्हाला आवडणारे पाच आणि न आवडणारे पाच लोगो द्या, न आवडणारे जास्त बोलके असतात. लोगो आधी कुठे लागणार, ते सांगा. आणि मत कोण देणार ते ठरवा. पाच जणांच्या बँडमध्ये पाचही जण थेट डिझायनरला संदेश पाठवू लागले की शेवटी कुणालाच न दुखावणारा आणि कुणालाच न आठवणारा लोगो तयार होतो. आपसात भांडा, पण बाहेर एकाच तोंडाने बोला.

एखादं चित्र दाखवून सुरुवात करणंही चांगलं, जर समोरच्याला त्यातून निवडायची मोकळीक दिली तर. रोलिंग स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांनी जॉन पॅश या कला-विद्यार्थ्याला कालीचं चित्र दाखवलं होतं. पॅश यांनी देवी घेतली नाही, हात, मुंडमाळा काही घेतलं नाही. फक्त तोंड आणि बाहेर आलेली जीभ उचलली.

आमच्यापैकीच एकाला चित्रकला येते. त्यानेच काढला तर?

काढू द्या. मेटॅलिकाचा लोगो जेम्स हेटफिल्डने काढला. पब्लिक एनेमीचा चक डीने. तो ग्राफिक डिझाइन शिकलेला होता. मर्क्युरीही कला महाविद्यालयातला. बँडमधल्या माणसाने काढलेल्या लोगोत एक हट्टीपणा असतो, तो पैसे देऊन मिळत नाही. कागदावरची रेघ स्वच्छ व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फुटणाऱ्या संगणकी आकारांत, आणण्याचं काम मात्र जाणकाराकडून करून घ्या. आणि पुढचा प्रश्न वाचा, तो तुम्हालाही लागू आहे.

लोगोचे हक्क कोणाचे?

लेखी काही ठरलेलं नसेल तर बहुतेक देशांत काढणाऱ्याचे. पैसे दिले म्हणजे हक्क मिळाले हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. साधं पानभर लिहून घ्या: हक्क पूर्ण देतो की वापरायची परवानगी देतो, कशाकशावर, किती काळ, कुठे, आणि डिझायनरला आपल्या कामांत तो दाखवता येईल का.

पॅश यांना जिभेसाठी सुरुवातीला ५० पौंड मिळाले, नंतर आणखी २०० पौंड. पण कॉपीराइट त्यांच्याकडे राहिला होता, म्हणून पुढे मालाच्या विक्रीतून त्यांना वाटा मिळू लागला. १९८४ मध्ये त्यांनी तो कॉपीराइट २६,००० पौंडांना विकला. मूळ चित्र मात्र त्यांच्याजवळच होतं. ते २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने लिलावात ९२,५०० डॉलरला घेतलं. हक्क आणि चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

कागद नसला की काय होतं, त्यासाठी निर्वाणाचा पिवळा हसरा चेहरा पाहा. बँडच्या कंपनीने २०१८ मध्ये मार्क जेकब्स या फॅशन ब्रँडवर तशाच चेहऱ्यावरून दावा लावला. दावा सुरू असताना रेकॉर्ड कंपनीचा जुना कला-दिग्दर्शक पुढे आला आणि तो चेहरा बँडचा गायक कर्ट कोबेन याने नव्हे, मी काढला, असं म्हणू लागला. प्रकरण मिटायला कित्येक वर्षं गेली.

बँड फुटला तर नाव आणि लोगो कोणाकडे राहील, हेही त्याच कागदावर लिहा. सगळे एकमेकांशी गोड आहेत तोवर.

एआयने लोगो केला तर?

कल्पना चाळायला हरकत नाही. मुख्य लोगो मात्र त्यातून जसाच्या तसा उचलू नका. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी आहे, की माणसाचं सर्जन नसलेल्या, केवळ यंत्राने केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे उद्या कुणी तुमचा टी-शर्ट छापून विकला, तर या आधारावर त्याला अडवणं अवघड. शिवाय देवनागरी जोडाक्षरांची अशा चित्रांत जी दशा होते ती पाहवत नाही.

एखाद्या चिन्हामुळे पुढे अडचण येऊ शकते का?

येते. किस (KISS) या बँडच्या लोगोतले विजेसारखे दोन एस नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाच्या चिन्हासारखे दिसतात. जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथे बँडला वेगळा लोगो वापरावा लागतो, त्यातले एस उलट्या झेडसारखे दिसतात. धर्म, राष्ट्र, सैन्य, पोलीस यांच्या खुणा घेताना त्या दुसऱ्या देशांत कशा वाचल्या जातात ते आधी शोधा. डिवचायचंच असेल तर जरूर डिवचा, फक्त नकळत नको.

लोगो जुना वाटतो. बदलावा का?

तुम्हाला जुना वाटतो कारण तुम्ही तो रोज पाहता. ऐकणाऱ्यांनी तो आत्ता कुठे ओळखायला सुरुवात केलेली असते. मेटॅलिकाने १९९६ मध्ये केस कापले, आवाज बदलला आणि लोगोची टोकदार पाती छाटली. २००८ च्या अल्बमवर पाती परत आली. बारीक दुरुस्त्या खुशाल करा: अंतरं सारखी करा, बुजणारे कोपरे उघडा. सांगाडा बदलायचा तर नाव बदलण्याइतकं कारण हवं.

मी एकटी गाते. मला लोगो हवा की नुसती सही पुरे?

सही उत्तम, जर ती वाचता येत असेल आणि नाव अगदी सर्रास आढळणारं नसेल. बँकेतली सही वापरू नका, हे वेगळं सांगायला नको. जाड पेनाने पानभर सह्या करा, त्यातली एक निवडा, तिच्या रेषा थोड्या जाड करून घ्या. एकट्या कलाकाराचा चेहरा हीच बरीचशी ओळख असते, त्यामुळे लोगो फोटोवर बसल्यावर कसा दिसतो ते आधी पाहा.

ट्रेडमार्क नोंदवावा का?

माल विकायला लागलात की विचार करा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संगीताचे कार्यक्रम ४१ व्या वर्गात येतात, कपडे २५ व्या आणि रेकॉर्डिंग ९ व्या. आधी नाव नोंदवा आणि मग लोगो, कारण लोगो बदलू शकतो. वर्तुळातला आर हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच लावायचं असतं. त्याआधी ते लावणं अनेक देशांत गुन्हा ठरतं.

शेवटी डिझायनरकडून कोणत्या फायली घ्यायच्या?

व्हेक्टर फाइल, म्हणजे एसव्हीजी आणि पीडीएफ, अक्षरं आउटलाइन केलेली. डिझायनरची मूळ फाइलही मागा, मात्र ती मिळणार का हे सुरुवातीलाच ठरवा. पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी, एक काळी आणि एक पांढरी. आडवी, दोन ओळींची आणि गोलात बसणारी अशा तीन प्रती. भरतकाम किंवा स्टेन्सिल करणार असाल तर त्यांची सोपी प्रत वेगळी. जेपीजी टाळाच, कारण काळ्या पोस्टरवर पांढऱ्या चौकोनात अडकलेला लोगो नेमका तिच्यामुळेच दिसतो.

हे सगळं एका ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवा, त्याची लिंक बँडमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या आणि पासवर्ड एकट्या ड्रमरकडे ठेवू नका. आयोजकाचा ‘लोगो पाठवा, पोस्टर छापायला चाललंय’ हा फोन नेहमी रात्री उशिराच येतो.